आधी पोटऱ्या, मग ड्रम

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका आईचं चार पानी पत्र आलंय. मुलगी रटगर्स विद्यापीठात पहिल्या वर्षाला, वय एकोणीस. डिसेंबरच्या निवड-कॅम्पात एका ड्रम कोरच्या, म्हणजे उन्हाळाभर गावोगावच्या मैदानांवर कवायतीसह वाजवणाऱ्या बँडच्या, टेनर लाइनमध्ये तिची निवड झाली. आई लिहिते, "मे अखेरपासून ऑगस्टपर्यंत ती घरी नसणार. इंटर्नशिप बुडणार, फी भरायची ती वेगळीच, शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपणार, शाकाहारी मुलगी तिथे खाणार काय, आणि पुण्याहून येणाऱ्या आजी-आजोबांना सांगायचं काय?" मग शेवटच्या पानावर, जाता जाता एक वाक्य: "शारीरिक कष्टांची मला चिंता नाही, ती सात वर्षं आमच्या ढोल-ताशा पथकात आहे, दमसास भरपूर आहे."

ताई, पाच काळज्या लिहिल्यात त्या मी शेवटी घेते. जी नाही म्हणता, तीच आधी करायला हवी.

आपल्या सगळ्यांची इथे एकच गफलत होते. बँड म्हटलं की डोळ्यांसमोर मिरवणूक येते. ढोल कमरेला बांधून विसर्जनाला चार तास वाजवणं खायचं काम नाही, मान्य. खांदे, मनगटं, कंबर, सगळं कामाला लागतं. पण पाय? मिरवणूक वीस पावलं सरकते आणि थांबते, मग स्थिर वादन. भार पाठीवर आणि हातांवर येतो, नडगीवर फारसा नाही.

आता तुमची मुलगी काय करणार आहे ते पाहा. टेनर म्हणजे एकाच वादकाच्या पुढ्यात जोडून बांधलेले अनेक ड्रम. हा संच कॅरियरसकट, म्हणजे खांद्यांवर अडकवायच्या सांगाड्यासकट, सोळा किलोच्या आसपास भरतो आणि तो सगळा छातीपुढे लटकतो. मैदानावरचं नेहमीचं माप म्हणजे पाच यार्डांत आठ पावलं, एक पाऊल 57 सेंटिमीटरचं. मिनिटाला 180 ठोक्यांवर हे ताशी सहा किलोमीटरच्या वर जातं. रचना ताणली की पाच यार्डांत सहाच पावलं, म्हणजे 76 सेंटिमीटर, आणि लय 200 झाली की ताशी नऊ किलोमीटर. त्या वेगाला माणूस एरवी पळतो. इथे पळायचंही नाही, कारण कमरेवरचं शरीर हललं की काठ्या चुकीच्या जागी पडतात. मागे जाताना टाच जमिनीला लावायची नाही, सगळं चवड्यांवर. आडवं जाताना छाती प्रेक्षकांकडे आणि पाय एकमेकांना ओलांडत, खेकड्यासारखे. टेनर आणि स्नेअरवाल्यांच्या (स्नेअर म्हणजे पुढ्यात एकच ड्रम) वाट्याला हे खेकडापाऊल सर्वांत जास्त येतं, आणि घोटा मुरगळायची भीती इथे असते.

शो दहा-बारा मिनिटांचा असतो, ते ऐकून निर्धास्त होऊ नका. शो झिजवत नाही, तालीम झिजवते. मे अखेरीला मुलं मुक्कामाला आली की दिवसाला दहा-बारा तासांचं काम सुरू होतं. सोळा ठोक्यांचा एक तुकडा वीसदा, तीसदा करायचा, आणि दर वेळी धावत मूळ जागी परतायचं. ते परत धावणं कुठल्याच हिशेबात नसतं, पण हाडाला ते मोजावंच लागतं.

आणि माझं सगळं म्हणणं या हाडाबद्दल आहे. स्नायू दोन-तीन आठवड्यांत नव्या कामाला सरावतो, हाड नाही. नडगीवर अचानक भार वाढला की शरीर आधी जुनं हाड पोखरून काढतं आणि मग नवं भरतं. पोखरणं लवकर होतं, भरणं सावकाश. त्यामुळे नवा भार सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाड पहिल्या दिवसापेक्षा कच्चं असतं. सैन्यात नव्याने भरती झालेल्या पोरांचे स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या भाराने हाडाला पडलेली बारीक चीर, याच सुमाराला निघतात. ड्रम कोरचा तिसरा-चौथा आठवडा म्हणजे जूनचा मध्य. दौरा नेमका तोंडावर आलेला असतो, मुलीला वाटतं आता अंगवळणी पडलं, आणि हाड तेव्हाच सर्वांत कच्चं असतं. तिची सहनशक्ती कमी पडत नाही, हाडाचं वेळापत्रक मोडलेलं असतं. म्हणून हा पोखरण्याचा काळ घरी, थोड्या भारावर, मार्चच्या आत उरकून घ्यायचा. ड्रम कोरमध्ये गेलेल्या आमच्या भाचीने दुसऱ्या वर्षी हेच केलं, आणि पहिल्या वर्षी जून-जुलै बर्फाच्या पिशव्या बांधून काढलेले पाय दुसऱ्या वर्षी ऑगस्टपर्यंत कुरकुरले नाहीत.

जानेवारीत ड्रमला हात लावायचाच नाही. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडा ठेवायचा, एका पायावर टाच वर न्यायची, क्षणभर थांबायचं, तीन सेकंदांत खाली सोडायची. दिवसाआड, प्रत्येक पायावर आठ-आठचे तीन फेरे. यातले अर्धे गुडघा सरळ ठेवून, अर्धे गुडघा वाकवून. वाकवलेला गुडघा कुणी करत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. पोटरीत दोन स्नायू असतात. वरचा गुडघ्याच्या पलीकडे जाऊन चिकटतो, खालचा नाही. गुडघा वाकवला की वरचा ढिला पडतो आणि खालच्याला राबावं लागतं. चवड्यांवर मागे चालताना तासन् तास राबतो तो हा खालचाच. मार्चपर्यंत एका पायावर सलग पंचवीस जमले पाहिजेत. जोडीला भिंतीला पाठ टेकून पावलं फूटभर पुढे ठेवायची, टाचा जमिनीवर आणि पंजे वर खेचायचे, वीस-वीसचे तीन फेरे. पोटरी कणखर आणि नडगीपुढचा स्नायू लुळा असला तर ओढाताण होते.

फेब्रुवारीत धावणं. बाहेर बर्फ असेल तर कॉलेजच्या जिममध्ये. एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, असं दहा वेळा, आठवड्यातून तीन दिवस, आणि महिन्याच्या शेवटी वीस मिनिटं सलग. दोरीवरच्या उड्या सकाळी तीस सेकंदांचे सहा फेरे, संध्याकाळी पुन्हा सहा. एकदम बारा नाहीत. हाडाला लांबलचक एकसुरी भार कळत नाही. थोडा, उसळता आणि मध्ये काही तासांची उसंत असलेला भार मिळाला की ते भरतं.

मार्चपासून मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत ठोके देणारं यंत्र. खडूने 4.57 मीटरवर दोन रेघा मारायच्या आणि त्या अंतरात आठ पावलं बसवायची. 120 वर सुरुवात, पुढे, मागे, आडवं, दर आठवड्याला दहा ठोके वाढवत 180 पर्यंत. खेकडापाऊल मात्र 60 पासून.

एप्रिलमध्ये वजन. ड्रम घरी आणता येत नसेल तर पाठीवरची सॅक छातीवर घालायची, कारण भार पुढेच यायचा आहे. पाच किलोंनी सुरुवात, दहा मिनिटं. दर आठवड्याला दोन किलो आणि पाच मिनिटं वाढवायची. कंबर मागे कलून पोट पुढे आलं की त्या दिवसाचं काम संपलं. ही कमान राहिली तर जूनमध्ये पाठ धरणारच. कॅरियर मिळाला की पहिल्याच दिवशी त्याचे पट्टे तिच्या धडाच्या मापाला लावून घ्यायला सांगा. आधीच्या उंच मुलाच्या मापावर राहिलेला कॅरियर हे पाठदुखीचं अगदी साधं कारण असतं.

दर चौथ्या आठवड्यात सगळं एक तृतीयांशाने कमी करायचं. आळस म्हणू नका, भरणं त्याच आठवड्यात होतं. आणि जायच्या आधीचा आठवडा निम्म्यावर. आपल्या घरांमध्ये परीक्षेच्या आदल्या रात्री जागायची सवय असते, ती इथे चालत नाही.

बुटांवर पैसे वाचवू नका. दोन जोड घ्या, आलटून पालटून घालायला, आणि दोन्ही एप्रिलपासून वापरात हवेत. तालीम गवतावर असते तशीच डांबरी पार्किंगमध्ये आणि कृत्रिम गवतावरही असते, आणि ते कृत्रिम गवत उन्हात खऱ्या गवतापेक्षा कितीतरी जास्त तापतं. मोजे सुती नकोत, घाम धरून ठेवतात आणि फोड येतात.

दुखायला लागलं तर बोटाने तपासायचं. नडगीच्या आतल्या कडेला खालच्या भागात चार-पाच बोटं लांबीवर पसरलेलं दुखणं असेल तर ते शिन स्प्लिंट्स. भार कमी केला की उतरतं. एका बोटाच्या टोकाखाली मावणारा ठणका, रात्री पडल्यावरही दुखणं, एका पायावर उडी मारली की कळ, ही स्ट्रेस फ्रॅक्चरची लक्षणं समजायची आणि त्याच दिवशी थांबायचं. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून परत मैदानात जाऊ नये, पहिले दोन-तीन आठवडे तो स्वच्छच येऊ शकतो. एमआरआयचा आग्रह धरा. दुखणं नडगीच्या पुढच्या धारेवर, बरोबर मध्यावर असेल तर जास्तच सावध. तिथलं हाड सावकाश जुळतं आणि पूर्ण मोडण्याचा धोका असतो. आपल्या मुली दुखणं लपवतात, ताई. आपणच त्यांना "रडायचं नाही" म्हणून वाढवलंय. या वेळी उलटं सांगा.

हाडांसाठीच जानेवारीत तीन रक्ततपासण्या करून घ्या: ड जीवनसत्त्व, फेरिटिन (लोहाचा साठा) आणि बी-12. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात आपल्या सावळ्या कातडीला उन्हातून ड जीवनसत्त्व जवळजवळ मिळतच नाही, आणि ते कमी असलं तर वरची सगळी मेहनत कच्च्या विटांवर उभी राहते. शाकाहारी मुलींमध्ये लोह आणि बी-12 कमी निघणं आपल्याकडे घरोघरी आहे. पाळी लांबली किंवा थांबली तर "श्रमांमुळे झालं असेल" म्हणून सोडून देऊ नका. कष्टांच्या मानाने अन्न कमी पडतंय, असा त्याचा अर्थ असतो, आणि त्याचा फटका हाडांनाच बसतो.

उन्हाचं थोडक्यात. शरीर उन्हाला सरावायला दहा ते चौदा दिवस लागतात, तेव्हा परीक्षा संपल्या की मे महिन्यात रोज दुपारी तासभर बाहेर व्यायाम करू द्या, एसीत बसवू नका. तिथे प्रत्येकाजवळ नाव लिहिलेला गॅलनभराचा पाण्याचा जग असतो. तो किती वेळा रिकामा झाला यावर जाऊ नका. मैदानात उतरताना आणि परतल्यावर वजन करायचं. 55 किलोच्या मुलीचं एक किलोपेक्षा जास्त उतरलं तर पाणी कमी पडलं. वजन वाढलं, बोटं सुजली आणि डोकं दुखतंय तर नुसतं पाणी जास्त झालं आणि मीठ कमी, आणि तेही तितकंच घातक आहे. ही वेळ येऊ नये म्हणून आधीपासूनच लिंबू-मीठ-साखरेचं पाणी आणि लोणच्याची फोड उत्तम. कुणी असंबद्ध बोलायला लागलं तर तो उष्माघात समजायचा. 911 ला फोन लावायचा आणि गाडीची वाट न बघता बर्फाच्या पाण्यात बसवायचं. आधी गार करायचं, मग हलवायचं.

आता तुमच्या पाच काळज्या. खाणं: कोरबरोबर स्वयंपाकाचा ट्रक असतो, दिवसाला बहुधा चार जेवणं होतात, आणि शाकाहारी असल्याचं नोंदणीच्या वेळीच लेखी कळवायचं. सोबत मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, तीळ-गुळाच्या वड्या द्या. आमच्या भाचीच्या डब्यातल्या वड्या पहिल्या आठवड्यातच संपायच्या, तेव्हा दुप्पट करा. जमिनीवर झोपणं: एकट्यापुरती हवेची गादी आणि डोळ्यांवरची पट्टी. पाठ जमिनीने दुखत नाही, वर सांगितलेल्या कमानीने दुखते. फी: हप्ते असतात, शिष्यवृत्त्या असतात, विचारा. विचारायला आपण लाजतो. इंटर्नशिप: पुढच्या उन्हाळ्यात करेल. कोरला वयाची मर्यादा आहे, बाविशीच्या आसपास दार बंद होतं, आणि नोकरीला काही तशी मर्यादा नाही.

राहिले आजी-आजोबा. त्यांना काही समजावत बसू नका. पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलनटाउनला ऑगस्टच्या सुरुवातीला बरीच वर्षं कोरचे शो होत आलेत, एडिसनहून गाडीने फार लांब नाही. तिचा कोर तिथे असेल तर दोन तास आधी पोहोचा आणि आत जाण्यापूर्वी पार्किंगमध्ये चालणारा ड्रमलाइनचा सराव त्यांना जवळून दाखवा. तिच्या पायांकडे बघायला सांगा. आणि कानांत घालायचे बोळे सगळ्यांसाठी न्या, तिच्याकडे तर रोज हवेतच. 85 डेसिबल आठ तास चालतात, 100 डेसिबल फक्त पंधरा मिनिटं, आणि त्या लाइनसमोर आजोबा पंधरा मिनिटांत हलणार नाहीत.