राठ तळवे, मऊ तळवे आणि गुदगुल्या

तळपायांविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं या अंकात घेतली आहेत. मजकुराचा गाभा तोच ठेवून पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : आम्ही तिघे भाऊ. मी आणि थोरला पावसाळाभर भातलावणीच्या चिखलात अनवाणी असतो. दोघांचेही तळवे राठ आहेत. तरी मला तळव्याला नुसतं बोट लागलं की पाय झटकला जातो आणि थोरल्याला काहीच होत नाही. धाकटा पुण्यात नोकरीला आहे, त्याचे पाय मऊ आहेत, पण त्यालाही गुदगुल्या बेताच्याच. राठ कातडीला गुदगुल्या कमी होतात, हे खरं का?
— एक शेतकरी वाचक, खानापूर तालुका

उत्तर : थोडंच खरं आहे, आणि ते कुठल्या गुदगुल्यांना लागू पडतं हे आधी पाहायला हवं. पायावरून मुंगी चालली किंवा पीस फिरलं की सळसळ होते. तिने हसू येत नाही, पाय झटकावा किंवा खाजवावं एवढंच वाटतं. कुणी तळव्यावर बोटं नाचवली की हसू फुटतं आणि अंग आकसतं, तो प्रकार वेगळा. हॉल आणि ॲलिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1897 मध्ये या दोहोंना निस्मेसिस आणि गार्गालेसिस अशी वेगळी नावं दिली. कातडीच्या पोताचा परिणाम पहिल्या प्रकारावर बऱ्यापैकी होतो, दुसऱ्यावर फारच कमी.

पापणीच्या कातडीचा वरचा थर सुमारे 0.05 मिलिमीटर जाड असतो, तळव्याचा सुमारे दीड मिलिमीटर. तळव्यावर केस नाहीत, तेलाच्या ग्रंथी नाहीत, घामाच्या मात्र भरपूर आहेत. हलका, सरकता स्पर्श टिपणाऱ्या मेइसनर कणिका या थराच्या लगेच खाली असतात आणि थरथर टिपणाऱ्या पॅसिनी कणिका त्याहून खोल. घट्टा म्हणजे मेलेल्या पेशींचा वाढीव थर. त्यात नसा नसतात. त्यामुळे पिसाचा किंवा केसाचा जोर या थरातच विरतो. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठात 2015 मध्ये तळव्याच्या वेगवेगळ्या जागा मोजल्या गेल्या. कातडी जाड आणि कडक असलेल्या टाचेवर बारीक तंतूचा स्पर्श कळायला जास्त जोर लागला, पायाच्या कमानीत कमी. पण संशोधकांचा निष्कर्ष असा, की कातडीच्या गुणांचा हा प्रभाव अंशतःच आहे.

आता दुसरी बाजू. केनियात अनवाणी चालणाऱ्या आणि चपला-बूट घालणाऱ्या लोकांची तुलना करून 2019 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अनवाणी चालणाऱ्यांचे घट्टे जाड आणि कडक होते, तरी थरथर जाणवण्यात ते मागे नव्हते. कडक थर थरथर गिळत नाही, खाली पोचवतो. लाकडी फळीवर टकटक केली तर पलीकडे ऐकू येते, गादीवर केली तर येत नाही. नाचणाऱ्या बोटांचा स्पर्शही जोरकस, तुटक आणि सतत जागा बदलणारा असतो. तो राठ तळव्यातूनही आत पोचतो, असं आम्हाला वाटतं. शिवाय शेतकऱ्याचा तळवा सगळीकडे सारखा राठ नसतो. घट्टा टाचेला आणि चवड्याला येतो. कमानीवर भार पडत नाही, म्हणून तिथली कातडी पातळ राहते, आणि बोट नेमकं तिथेच लागतं.

मग तुम्हा भावांत फरक का? कातडीने स्पर्श आत पोचवला, की त्याचं हसू करायचं की नाही हे मेंदू ठरवतो. कोण हात लावतो, तो हात येणार हे ठाऊक आहे का, मन कसं आहे, यावर बरंच अवलंबून असतं. थकलेल्या, चिडलेल्या माणसाला त्याच बोटांनी हसू येत नाही. हा फरक माणसामाणसांत असतोच, आणि लहानपणापासून गुदगुल्या होत नसतील तर त्यात काळजीचं काही नाही. थोरल्या भावाला आधी होत होत्या आणि आता होत नाहीत असं असेल, तर मात्र पुढचं उत्तर वाचा.

पोताखेरीज आणखी दोन गोष्टी फरक पाडतात. पहिली, थंडी. गार पडलेला तळवा थरथर कमी टिपतो. डिसेंबरातल्या पहाटे शेतातून आलेल्या पायाला गुदगुल्या बेताच्या आणि तोच पाय चुलीपाशी ऊब घेऊन बसला की जास्त, यात नवल नाही. दुसरी, घसरण. ओलसर, घामट कातडीवर बोट अडकत जातं आणि ओढल्यासारखं वाटतं. तेलाचा हात असला की तेच बोट अलगद सरकतं आणि सळसळ वाढते.

प्रश्न : आईला बरीच वर्षं मधुमेह आहे. पूर्वी ती तळव्यांना हात लावू देत नव्हती, इतक्या गुदगुल्या व्हायच्या. आता तळवे चोळले तरी तिला काही वाटत नाही. टाचा जाड झाल्यात म्हणून असेल, असं ती म्हणते.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : टाचेवर खापर फोडू नका. जाड टाचेने टाचेपुरता हलका स्पर्श मंदावेल, कमानीतली आणि बोटांच्या टोकांची जाणीव जाणार नाही. हाताने चोळलेलं कळत नसेल तर प्रश्न बहुधा नसांचा आहे. मधुमेहात सर्वांत लांब नसा आधी दुखावतात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते आणि सहसा दोन्ही पायांत सारखीच.

घरी एक साधी तपासणी करता येते, ती आजच करा. आईला चपला-मोजे काढून आडवं झोपवा आणि डोळे मिटायला सांगा. स्पर्श झाला की ‘उजवा’ किंवा ‘डावा’ एवढंच म्हणायला सांगा. तुमच्या तर्जनीचं टोक एक ते दोन सेकंद अगदी हलकं टेकवा. क्रम असा : उजव्या पायाचा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, उजवं मधलं बोट, डावं मधलं बोट. अशा सहा जागा झाल्या. दाबायचं नाही, टोचायचं नाही, बोट फिरवायचं नाही. कळलं नाही तर पुन्हा लावूनही पाहायचं नाही. घरची माणसं इथेच चुकतात. उत्तर आलं नाही की जोर वाढवतात, मग आई ‘हो’ म्हणते आणि सगळ्यांचं समाधान होतं. सहांपैकी दोन किंवा अधिक जागी स्पर्श कळला नाही, तर जाणीव कमी झाली आहे असं धरून डॉक्टर गाठा. सहाही कळले तरी मधुमेहात वर्षातून एकदा पायांची तपासणी हवीच.

डॉक्टर 10 ग्रॅम जोराला वाकणारा नायलॉनचा तंतू आणि 128 हर्ट्‌झचा ध्वनिकाटा, म्हणजे ठोकल्यावर थरथरणारा धातूचा काटा, वापरतात. तंतू घट्ट्यावर टेकवत नाहीत, कारण तिथे तो न कळणं हे कातडीमुळेही असू शकतं. आई मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षं घेत असेल तर बी-12 जीवनसत्त्व तपासायला सांगा. त्या गोळीने ते कमी होऊ शकतं आणि त्यानेही पाय बधिर होतात. कातडीवर फिका किंवा तांबूस, न कळणारा चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते आणि औषधं मोफत मिळतात. तो बरा होतो, लपवायचं काही कारण नाही. एकाच पायाची जाणीव अचानक गेली, सोबत तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळू लागलं, तर घरी काही न करता थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

तोवर आईला घरातही अनवाणी फिरू देऊ नका. चपलेत पाय घालण्याआधी ती झटकायला सांगा आणि रोज रात्री उजेडात दोन्ही तळवे पाहा. जाणीव गेलेल्या पायात खडा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळल्यावरच लक्षात येते.

प्रश्न : पावसाळ्यानंतर टाचांना भेगा पडतात. वज्रीने घासून त्या काढल्या तर पाय जास्त नाजूक होऊन गुदगुल्या वाढतील का? कोकमाचं तेल लावू का?
— एक वाचक, जांबोटी

उत्तर : घासल्यावर दोन-चार दिवस टाच हुळहुळी राहील. गुदगुल्या लक्षात येण्याइतक्या वाढणार नाहीत, कारण त्या मुळात टाचेवर फारशा नसतातच.

कोमट पाण्यात पाय दहा मिनिटं बुडवा. ओल्या टाचेवरून वज्री हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा. कोरड्या टाचेवर घासलं तर भेग आणखी खोल जाते. गुलाबी कातडी दिसेपर्यंत खरवडू नका, ती चिडते आणि घट्टा पुन्हा वाढतो. आठवड्यातून दोनदा पुरे. पाय टिपून, विशेषतः बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, दहा टक्के युरियाचं मलम लावा. टाच फारच जाड असेल तर वीस ते पंचवीस टक्क्यांचं. वर सुती मोजे घालून झोपा. बेचक्यात मलम लावू नका, ओल साठून चिखल्या होतात. कोकमाचं तेल चमच्यात पातळ करून कोमट झाल्यावर भेगेत भरलं तर भेग मऊ राहते आणि ओल टिकते, मात्र जाड थर विरघळवण्याचं काम युरियाच करतो. भेगेतून रक्त किंवा पू येत असेल, तर घासणं आणि तेल दोन्ही थांबवा. मधुमेह असेल तर पाय बुडवून ठेवणं, ब्लेड आणि कुरुपावर लावायच्या आम्लाच्या पट्ट्या वर्ज्य.

सतत मागून उघडी चपल वापरली की उभं राहताना टाच बाजूंना पसरते आणि कडेला चिरते. कोल्हापुरी आपल्या अथणी-निपाणी भागात बनते, टिकाऊ असते, पण भेगा भरून येईपर्यंत टाच धरून ठेवणारं काहीतरी घाला.

प्रश्न : ब्युटी पार्लर चालवते. पेडिक्युअरला काही ताई तळव्याला हात लावताच पाय ओढून घेतात. एकदा तर पाण्याचा टब उलटला. काय करावं?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : आपल्याच हाताने आपल्याला गुदगुल्या होत नाहीत, त्याचा इथे उपयोग करा. ऑक्सफर्डमध्ये 1971 साली तळव्यावर काडी फिरवणारी एक पेटी वापरून हे तपासलं गेलं. काडी दुसऱ्याने फिरवली तेव्हा गुदगुल्या सर्वांत जास्त, स्वतः फिरवली तेव्हा सर्वांत कमी, आणि दुसऱ्याच्या हालचालीबरोबर नुसता आपला हात फिरू दिला तेव्हा मधल्या. आपल्या हालचालीतून होणाऱ्या स्पर्शाचा अंदाज मेंदू आधीच बांधतो आणि त्याची तीव्रता उतरवतो. लंडनमधल्या 1998 च्या मेंदूचित्रणातून यात लहान मेंदूचा वाटा दिसला.

म्हणून आधी पूर्ण पंजा टाचेखाली घट्ट धरा, बोटांची टोकं लावू नका. ‘आता कमानीत घासते’ असं सांगून मगच हात न्या. एकदा लावलेला हात मध्येच उचलू नका, प्रत्येक नवा स्पर्श दचकवतो. दाब सलग आणि भक्कम ठेवा, टाचेकडून बोटांकडे. तरीही जमत नसेल तर ताईंना त्यांचा हात तुमच्या मनगटावर ठेवायला सांगा. गुदगुल्या होणाऱ्या पोटाची तपासणी करताना डॉक्टरही असंच करतात. कमानीत घट्टा नसतोच, तेव्हा तिथे घासायचं सोडलं तरी काही बिघडत नाही.

प्रश्न : काशाच्या वाटीने तूप लावून तळवे घासताना गुदगुल्या होत नाहीत, ते का? आणि चार महिन्यांच्या नातवाला गुदगुल्या केल्या तर चालतील का?
— एक आजी, येळ्ळूर

उत्तर : वाटीचा दाब रुंद आणि सलग असतो, तिचा पुढचा फेरा कुठे जाणार हे आधीच कळतं. गुदगुल्यांना हवा असतो तो हलका, अनपेक्षित स्पर्श. तळव्यावर येणारा काळा थर म्हणजे बाहेर पडलेली उष्णता नव्हे, तो काशाचा आणि तुपाचा आहे. पायांना आराम पडतो, तेवढ्यासाठी जरूर घासा. नंतर तूप पुसून घ्या, नाहीतर फरशीवर पाय घसरेल.

नातू अजून लहान आहे. तळव्याला बोट लावल्यावर तो पाय ओढतो किंवा अंगठा वर करतो, ती प्रतिक्षिप्त क्रिया असते. साधारण सहाव्या महिन्याच्या पुढे बाळं गुदगुल्यांना हसू लागतात. तेव्हा दोन-तीन सेकंद करा, थांबा, त्याच्या तोंडाकडे पाहा. तोंड फिरवलं, पाठीची कमान केली किंवा श्वास अडखळला, तर तिथेच थांबायचं. हसणं आपोआप येतं, त्यामुळे हसतंय म्हणजे बाळाला आवडतंय असं धरू नका. आणि पोटभर दूध प्यायल्यावर लगेच नको, उलटी होईल.