युरिया देऊनही गहू पिवळाच

प्रश्न : उमरेडजवळ आमचं काळं वावर आहे. गव्हाची नवी पानं पिवळी पडलीत, शिरा मात्र हिरव्या. मातीचा सामू (आम्ल-अल्कपणा मोजणारा पीएच) ८.२ आला. युरिया देऊन झाला. दुकानदार म्हणतो, आणखी एक बॅग टाका. मुलगा म्हणतो, अमोनियम सल्फेट आणू. कोणाचं ऐकू?

उत्तर : भाऊ, पोराचं ऐका, पण अर्धंच. नत्र कमी पडलं असतं तर आधी खालची जुनी पानं टोकाकडून पिवळी झाली असती. नवं पान पिवळं आणि शीर हिरवी, म्हणजे लोह मिळत नाही. मातीत लोह भरपूर असतं, पण सामू आठच्या वर गेला की ते विरघळत नाही. जस्ताचंही तसंच.

आता पोराचा मुद्दा. मूळ नत्र अमोनियमच्या रूपात घेतं तेव्हा बाहेर आम्ल सोडतं. नायट्रेटच्या रूपात घेतं तेव्हा उलट, भोवतीची माती आणखी अल्क होते. मुळाला चिकटलेल्या त्या एक-दोन मिलिमीटर थरात आम्ल आलं की लोह, जस्त, स्फुरद थोडं मोकळं होतं. इथवर पोरगा बरोबर. पण अमोनियमचा मारा झाला की पोटॅश, कॅल्शियम, मॅग्नेशियम मुळाच्या दारातच अडतात. शिवाय जिवाणू त्याचं नायट्रेट करून टाकतात, म्हणून हा फायदा फार टिकत नाही.

तेव्हा आज फवारणी करा. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि १० ग्रॅम सायट्रिक आम्ल, ऊन उतरल्यावर. द्रावण फिकट हिरवं हवं. गंजासारखं तांबूस झालं असेल तर ओतून द्या, त्यातलं लोह पानाला लागू पडत नाही. पुढच्या हंगामात नत्राचा काही भाग अमोनियम सल्फेटमधून द्या, तोही मातीत पेरून. चुनखडीच्या मातीवर नुसता फेकला तर युरियासारखाच त्याचाही अमोनिया उडून जातो. हिशेब लक्षात ठेवा : युरियाच्या ४५ किलोच्या एका बॅगेतलं नत्र भरून काढायला सल्फेटच्या ५० किलोच्या दोन बॅगा लागतात. पोराला खर्च आधीच सांगून ठेवा!

आणि ‘अख्ख्या वावराचा सामू खाली आणतो’ म्हणत कोणी पावडर विकायला आला, तर चहा पाजून वाटेला लावा. सामू वर धरून ठेवतो तो चुना. मातीत तो एक टक्का असला तरी वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये एकरी आठ-नऊ टन भरतो. तो मारायला जवळपास तेवढंच गंधकाम्ल लागेल.

प्रश्न : माझं माहेर भंडाऱ्याचं. तिथे बांधीत पाणी असताना धानाला नायट्रेटचं खत चालेल का?

उत्तर : नको ताई. पाण्याखालच्या चिखलात हवा नसते. जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्र वायू होऊन निघून जातं. धानाला अमोनियमच मानवतं. युरिया द्यायचा तर बांधीतलं पाणी आधी उतरवा, खत चिखलात जाऊ द्या, मग पाणी भरा.