मालकाचं मीठ खाल्लंय, मग खरं कसं बोलू?

"खरं बोललो तर नोकरी जाईल आणि गप्प बसलो तर रात्री झोप लागत नाही, मी काय करू मॅडम?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे कधी शाळेतल्या शिक्षिकेकडून येतो, कधी पतपेढीतल्या कॅशियरकडून, माणसं बदलतात पण घुसमट तीच असते. त्यातली एक केस सांगते, त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

त्यांना आपण प्रकाश म्हणू. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात क्लार्क, हजेरी, पगार, स्लिपा सगळं यांच्याच हातात. डॉक्टरांनी पाठवलेलं, कारण पित्त, छातीत धडधड, पहाटे तीनला जाग, आणि ईसीजी मात्र नॉर्मल. बायको सोबत आली होती, ती म्हणाली जेवताना पण यांचं लक्ष नसतं, पोरावर उगाच खेकसतात, पूर्वी असे नव्हते हो.

खरं काय ते तिसऱ्या भेटीत बाहेर आलं. शिलाईत काम करणाऱ्या एक वयस्क बाई, सगळे त्यांना अक्का म्हणतात, रिटायर व्हायला आलेल्या. भाच्यानं मोबाईलवर त्यांचं पीएफचं पासबुक काढून दाखवलं तर दीड-दोन वर्षांत एक रुपया जमा नाही. पगारातून मात्र दर महिन्याला १२ टक्के कापलेले, स्लिपवर तसं छापलेलं. अक्का स्लिपांची गड्डी प्लास्टिकच्या पिशवीत घालून प्रकाशच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या, "तूच लिहितोस की बाळा, बघ की काय झालंय." हे म्हणाले "बघतो अक्का." बघायचं काही नव्हतंच, पैसे भरलेच जात नाहीत हे त्यांना माहीत होतं. मग मुकादमानं सगळ्यांना सांगितलं की अक्कांच्या आधारमध्ये गडबड आहे, आणि हे मान खाली घालून रजिस्टर भरत बसले.

मी विचारलं, नोकरी जायची भीती सगळ्यात मोठी आहे का? बराच वेळ गेला आणि मग म्हणाले, "नाही मॅडम, आईच्या ऑपरेशनला मालकांनी रात्री अकराला पैसे पाठवले होते. व्याज नाही, कागद नाही. त्यांच्याविरुद्ध तोंड कसं उघडू?"

यावर आम्ही खूप वेळ घालवला, कारण माझ्या अनुभवात भीतीपेक्षा उपकार माणसाला जास्त घट्ट बांधून ठेवतात. मी त्यांना सांगितलं नाही की मालक वाईट आहे. त्या रात्रीचा चांगुलपणा खरा होता आणि पीएफ कापून न भरणं हेही खरंय, कायद्यानं तर तो फौजदारी विश्वासघात धरला जातो. एका माणसात दोन्ही असू शकतं. मी एवढंच विचारलं की आईच्या ऑपरेशनचं ऋण तुमच्यावर आहे ना, मग ते अक्कांच्या पैशातून कसं फिटणार? यावर ते रडले, मोठ्यानं रडले.

पुढच्या वेळी म्हणाले, "पण मी काय हुतात्मा नाहीये." सोलापूरच्या माणसाच्या तोंडी हे येतंच. १९३० मध्ये इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉनंतर मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली, त्यांच्या नावाचा चौक रोज नजरेसमोर असतो आणि मग धाडस म्हणजे थेट फासच असं आपल्या मनात बसून जातं. मी त्यांना सोलापूरजवळच्या कुंभारीकडे बघायला सांगितलं. विडी कामगार बायकांची १०,००० घरं तिथं उभी राहिली, कामगार नेते आडम मास्तरांचं नाव पुढं होतं हे खरंच, पण त्यामागं हजारो बायकांनी विड्या वळता वळता फॉर्म भरलेत, मोर्च्यात उन्हात बसल्यात, साठवलेले पैसे दिलेत. प्रत्येकीनं आपापल्या वाट्याचं केलं.

मग आम्ही प्रकाशचा वाटा कोणता ते ठरवायला बसलो. कारखाना सुधारणं, मालकाला धडा शिकवणं, सगळ्या कामगारांना एक करणं, हे एकट्या प्रकाशचं काम नाही. विचारलं तर खरं सांगणं, खोट्या गोष्टीला हातभार न लावणं, बायकांना पासबुक कसं बघायचं ते दाखवणं, हे त्यांचं. रजिस्टर चोरून आणायची गरज नव्हती, स्लिपा बायकांच्या स्वतःच्याच होत्या. पीएफच्या पोर्टलवर तक्रार कामगार स्वतः करू शकतो, आणि महिला असो की औद्योगिक कामगार, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, त्यासाठी १५१०० हा नंबर आहे. बायकोलाही बसवून घेतलं, नोकरी गेलीच तर किती महिने निभेल याचा हिशोब तिनंच लिहून काढला, आणि गंमत नाही, त्या कागदानंतर धडधड कमी झाली. आकडा वाईटच होता पण तो आता समोर होता.

प्रकाश आधी मालकांकडे गेले, तो निर्णय त्यांचा. म्हणाले, साहेब आईच्या वेळचं मी विसरणार नाही, पण हे मी खोटं सांगू शकणार नाही, तुम्ही भरा, मी बायकांना थोडी कळ काढायला सांगतो. मालक म्हणाले सुताचे भाव बघतोस ना, तू पण असं करणार? दोन महिन्यांची मुदत मागितली आणि काहीच भरलं नाही. मग अक्का आणि आणखी सात-आठ जणींनी तक्रार टाकली. चौकशीला अधिकारी आले तेव्हा प्रकाशना विचारलं आणि त्यांनी जे होतं ते सांगितलं.

त्यांना गोडाऊनला टाकलं, पगार कापला, शेवटी त्यांनीच सोडलं. आता चादरीच्या एका दुकानात हिशोब लिहितात, पैसे कमी मिळतात आणि घरात त्यावरून कुरबुर होते, ते मी लपवणार नाही. अक्कांची काही रक्कम जमा झालीय, बाकीचं चालू आहे. झोप बरीच सुधारलीय.

आता आमचं काम वेगळ्याच गोष्टीवर चाललंय. चौकशीच्या दिवशी मागावरचे दोन जुने मित्र "आम्हाला काय माहीत नाही" म्हणाले, त्यांचा राग प्रकाशच्या मनातून जात नाही. मी त्यांना माफ करा असं म्हणत नाही, फक्त विचारते की वर्षभरापूर्वी "बघतो अक्का" म्हणणारा माणूस तुम्हाला आज कसा वाटतो. परवा त्यातल्याच एकाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आलीय. जायचं की नाही यावर पाऊण तास बोललो, बायको म्हणते आहेर तरी पाठवू, यांचं अजून ठरलेलं नाही.