तुझ्या डायऱ्या सोबत आण: स्टॉकहोमला पीएचडीसाठी निघालेल्या एकीला

तू मला ताई म्हणालीस, तेव्हा मीही अगं-तुगंच करते. तुझे प्रश्न दोनदा वाचले. एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, झालीस, मग तीन वर्षं पुणे जिल्ह्यातल्या गावांत गरोदर बायकांच्या घरी जाऊन नोंदी घेतल्यास, आणि आता स्टॉकहोममध्ये एपिडेमिऑलॉजीच्या, म्हणजे रोग कोणाला आणि का होतात याच्या शास्त्राच्या, पीएचडीसाठी मुलाखतीचं बोलावणं आलंय. सोबत नवरा आणि दोन वर्षांची लेक. तू विचारलंस की इथलं संशोधन नेमकं चालतं कसं, गावातल्या तुझ्या कामाला इथे काही किंमत आहे का, आणि घर, पगार, मूल यांचं कसं जमतं. मी अकरा वर्षं इथे आहे. पीएचडी इथेच केली, गरोदरपणातल्या मधुमेहावर, आणि अजून त्याच कामात आहे. मधल्या प्रश्नावर जास्त बोलणार आहे, कारण पहिल्या दोन वर्षांत मला त्यानेच सगळ्यात जास्त छळलं.

आधी काम. इथे तू कोणाच्याही दारावर जाणार नाहीस. स्वीडनचा रहिवासी म्हणून नोंदलेल्या प्रत्येकाला एक व्यक्तिक्रमांक असतो, १९४७ पासून. दवाखाना, बँक, शाळा, कर, सगळीकडे तोच. १९५८ पासून कर्करोगाचं रजिस्टर आहे, १९७३ पासून जन्मांचं. रुग्णालयात दाखल झालेल्यांची नोंद १९८७ पासून देशभर पूर्ण आहे. औषधांच्या दुकानातून डॉक्टरच्या चिठ्ठीवर घेतलेलं प्रत्येक औषध जुलै २००५ पासून नोंदलं जातं. १९३२ पासून जन्मलेल्यांची आई-वडिलांशी सांगड घालणारं आणखी एक रजिस्टर आहे. एकाच क्रमांकाने हे सगळं जोडता येतं. म्हणजे १९८० साली जन्मलेल्या बाईचं जन्मवजन, तिच्या आईचं तेव्हाचं वय, पुढे तिला झालेली बाळं, तिचा मधुमेह, तिची औषधं, सगळं एका ओळीत. वर्षाला साधारण एक लाख जन्म होतात, त्यामुळे एका पेपरसाठी वीस लाख बाळंतपणं घेऊन बसणं ही इथे नवलाची गोष्ट नाही. तीन वर्षांत तू किती घरं केलीस ते आठव, म्हणजे पहिल्या दिवशी तुझं काय होणार आहे ते कळेल. मला तर गुदमरल्यासारखं झालं होतं.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. या नोंदींची सुरुवातही दारातच झाली आहे. सतराव्या शतकापासून इथले पाद्री घरोघर जाऊन माणसांना धर्मग्रंथ वाचता येतो का ते तपासत आणि घरातल्या प्रत्येकाचं नाव वहीत लिहीत. कोण जन्मलं, कोण गेलं, कोण गाव सोडून गेलं. त्याच वह्यांवरून १७४९ पासून साऱ्या देशाची लोकसंख्येची आकडेवारी तयार होऊ लागली. तेव्हा संगणकासमोर बसून आपण फार वेगळं काही करतोय असं वाटलं, तर वही घेऊन बर्फातून चालणारा तो पाद्री आठव.

डेटा मात्र हातात लगेच पडत नाही. आधी नैतिक परवानगी लागते. २०१९ पासून त्यासाठी देशभराचं एकच प्राधिकरण आहे. मग सांख्यिकी विभाग आणि आरोग्य मंडळाकडे अर्ज. ते क्रमांक काढून टाकतात, त्याजागी निरर्थक आकडे घालतात, आणि बऱ्याचदा डेटा त्यांच्याच सर्व्हरवर ठेवतात. तू दुरून काम करायचं, बाहेर काढायचे ते फक्त निकालाचे तक्ते. या सगळ्यात महिनेच्या महिने जातात. म्हणून मुलाखतीत न लाजता विचार: या प्रकल्पाची परवानगी हातात आहे का? डेटा आलाय का? माझ्यासोबतच्या एका मुलीचं पहिलं दीड वर्ष फक्त वाट बघण्यात गेलं. तिला हा प्रश्न विचारायला कोणी सांगितलं नव्हतं.

आता तुझा दुसरा प्रश्न. गावातल्या कामाला इथे किंमत आहे का?

आहे, पण ती कोणी आपणहून देणार नाही. तुलाच ती दाखवून द्यावी लागेल.

माझं दुसरं वर्ष होतं. मी गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण भागाभागांनुसार मांडत होते. शेजारशेजारच्या दोन भागांत फरक इतका मोठा दिसत होता की आमची बैठक तासभर त्याची कारणं शोधत बसली. आहार, शिक्षण, उत्पन्न, कुठून आलेल्या बायका कुठे राहतात. मी गप्प होते, कारण मला आमच्या साताऱ्याकडची एक वाडी आठवत होती. त्या वाडीत मधुमेहाची गरोदर बाई एकही नव्हती, कारण तपासणीची सोय एसटीने दीड तासावर होती. मी शेवटी विचारलं, या दोन भागांत तपासणी एकाच पद्धतीने होते का? होत नव्हती. स्वीडनमध्ये कोणाची साखर तपासायची आणि किती आकड्याला मधुमेह म्हणायचं, याचे निकष वर्षानुवर्षं भागागणिक वेगळे होते. आमच्या तक्त्यात मधुमेहाइतकाच तपासणीचा नियमही मोजला गेला होता. माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण त्या प्रश्नातून आलं.

तुला हे आधीच माहीत आहे. पहिले तीन महिने कोणती सून दिवस गेल्याचं सांगत नाही, सासू समोर असताना कोणता प्रश्न विचारायचा नाही, वजनकाटा दारात ठेवला की पोरं त्यावर उभी राहतात, हे सगळं तू पाहिलंयस. रजिस्टरमधला प्रत्येक कोड हा कोणीतरी, कुठल्यातरी खोलीत, कुठल्यातरी घाईत घेतलेला निर्णय असतो. इथे हुशार माणसं भरपूर आहेत, गणित माझ्याहून कितीतरी चांगलं येणारी. पण नोंद होते त्या क्षणी त्या खोलीत ही माणसं कधी बसलेली नसतात. तू बसली आहेस.

रजिस्टरमध्ये काय नाही, हे मुलाखतीआधी समजून घे. साध्या दवाखान्यातल्या भेटी देशपातळीवरच्या रुग्ण-रजिस्टरमध्ये येत नाहीत. येतात ते रुग्णालयात दाखल झालेले आणि २००१ पासून तज्ज्ञांच्या बाह्यरुग्ण भेटी. माणूस काय खातो याची नोंद नाही. जात, वंश, भाषा यांची नोंद नाही, आहे तो फक्त जन्माचा देश. लुधियानाची आजी, मुंबईची डॉक्टर, केरळची नर्स आणि उद्या तू, सगळ्या जणी एकाच रकान्यात, ‘भारत’. आणि पुण्यात काम केलेल्या तुला हा रकाना किती अपुरा आहे हे सांगायला नको. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू केलेला अभ्यास तुझ्या कामाचा पूर्वजच म्हणायचा. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. पण पुण्याच्या बाळांचे स्नायू कमी असले तरी चरबी त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणारं, तरी चरबी राखून असलेलं बाळ. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के.

हा फोटो मी इथे माझ्या टेबलासमोर लावला आहे. कारण इथल्या जन्म-रजिस्टरमध्ये पहिल्या भेटीला सुईण गरोदर बाईचं वजन आणि उंची लिहून घेते, आणि त्यावरून निघालेल्या बीएमआयवर आम्ही पानंच्या पानं लिहितो. त्या एका आकड्याचा अर्थ आपल्या बायकांच्या बाबतीत वेगळा असू शकतो, हे बैठकीत सांगणारं कोणीतरी लागतं.

आता जरा अवघड बोलते. तू गावात संमतीपत्र वाचून दाखवलंस, अंगठे घेतलेस. इथे लाखो बायकांपैकी एकीलाही कोणी विचारत नाही. रजिस्टरवरच्या संशोधनाला सहसा वैयक्तिक संमती लागत नाही, नैतिक प्राधिकरणाची मान्यता पुरते. मला ते सुरुवातीला फार खटकलं. लोक विश्वास ठेवतात म्हणून हे चालतं, आणि तो विश्वास तडे जाऊन पुन्हा जोडलेला आहे. १९६० च्या दशकात स्टॉकहोम विद्यापीठात मेट्रोपोलिट नावाचा अभ्यास सुरू झाला. १९५३ साली जन्मलेली, राजधानीच्या परिसरात राहणारी सुमारे १५,००० मुलं. शाळेत एकदा प्रश्नावली भरून घेतली आणि मग वर्षानुवर्षं त्यांच्या नकळत त्यांच्या नोंदी जोडत गेले. १९८६ मध्ये वर्तमानपत्राने हे उघड केलं तेव्हा देशभर गदारोळ झाला, आणि माणसं ओळखता येतील असा सगळा तपशील काढून टाकावा लागला. त्याआधीची पानं आणखी काळी आहेत. लुंडजवळच्या विपेहोल्म इथे १९४० च्या दशकात, दात कसे किडतात हे बघण्यासाठी, मतिमंद म्हणून संस्थेत ठेवलेल्या माणसांना मुद्दाम चिकट टॉफी खाऊ घातली गेली. इथल्या कित्येक घरांत मुलं आजही फक्त शनिवारी गोळ्या-चॉकलेटं खातात ती त्या निष्कर्षांमुळे. माझा मुलगाही शनिवारची वाट बघतो. त्याला पिशवी देताना मला ती माणसं आठवतात, आणि मी ते विसरू इच्छित नाही. आणि १९३४ ते १९७५ दरम्यान नसबंदीच्या कायद्यांखाली सुमारे ६३,००० लोकांच्या शस्त्रक्रिया झाल्या, बहुतेक बायका, कित्येकींवर दबाव आणून. नोंदी ठेवणारं सरकार दयाळू असेलच असं नाही. हे सगळं वाचून ये. इथल्या सहकाऱ्यांशी बोललीस तर ते टाळत नाहीत, हे मी आदराने सांगते.

बाकीचं भराभर सांगते. इथे पीएचडी ही बहुधा नोकरी असते. फी नाही, महिन्याला पगार, सुट्ट्या, पेन्शन. मुदत चार वर्षांच्या पूर्ण वेळ कामाची, शिकवण्याचं काम असेल तर पाचपर्यंत जाते. आजारपण किंवा बाळंतपणाची रजा त्यातून वजा होत नाही. मुलामागे आई-वडिलांना मिळून ४८० दिवसांची रजा असते, त्यातले प्रत्येकी ९० दिवस दुसऱ्याला देता येत नाहीत, म्हणजे बाप घरी बसला नाही तर त्याचे ते दिवस वाया जातात. हे तुझ्या सासूबाईंना आत्तापासून सांगून ठेव. लेकीसाठी बालवाडी स्वस्त आहे आणि चांगली आहे. मुलगी आजारी पडली की तू किंवा नवरा घरी राहता आणि त्याचा भत्ता मिळतो. बैठक सोडून उठलं तर कोणी भुवया उंचावत नाही. तुझ्या परवान्यासोबत नवऱ्यालाही काम करता येतं. पण आयटीबाहेरचं काहीही करायचं तर स्वीडिश लागते, आणि आयटीतही दुसऱ्या वर्षापासून तिची गरज भासते. दोघांनी पहिल्याच महिन्यात वर्ग लावा.

परवाना किमान एक वर्षाचा आहे ना ते बघ, नाहीतर व्यक्तिक्रमांक मिळत नाही, आणि त्याशिवाय बँक, फोन, दवाखाना, सगळं अडतं. सगळ्यात जास्त त्रास घराचा. भाड्याच्या घरांची सरकारी रांग वर्षानुवर्षांची आहे. लोक अठराव्या वर्षी नाव लावतात. विद्यापीठाच्या घरांसाठी निवड झाल्याच्या दिवशीच अर्ज कर. दुसऱ्याचं घर पोटभाड्याने घेताना घरमालक संस्थेची परवानगी लेखी बघ, बघितल्याशिवाय पैसे पाठवू नकोस. आमचे पहिल्या वर्षी असे दोन महिन्यांचे पैसे बुडाले.

डिसेंबरात सूर्य पावणेनऊला उगवतो आणि दुपारी पावणेतीनला मावळतो. पहिल्या हिवाळ्यात मला वाटलं की माझ्यातच काहीतरी बिघडलंय. तसं नव्हतं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत बाहेर चाल, कितीही थंडी असली तरी, आणि घरी फोन रात्रीऐवजी सकाळी कर.

गाइड निवडण्याबद्दल एक युक्ती. कॅरोलिन्स्का या स्टॉकहोमच्या वैद्यकीय विद्यापीठाचे प्रबंध ऑनलाइन खुले असतात. त्या गाइडच्या जुन्या विद्यार्थ्यांचे चार-पाच प्रबंध उघड आणि शेवटची आभाराची पानं वाच. तिथे माणसं खरं बोलतात. कोणी रात्री अकराला उत्तर दिलं, कोणी डोळे भरून आले तेव्हा दार लावून कॉफी आणली, कोणाबद्दल एकच कोरडी ओळ आहे, सगळं दिसतं. मग त्यातल्या एखादीला लिही. त्या उत्तर देतात.

प्रबंध पूर्ण झाल्यावर, जाहीर परीक्षेच्या किमान तीन आठवडे आधी, तो भिंतीवर खिळ्याने ठोकायची प्रथा इथे आहे. हातोडी खरी असते. मी ठोकला तेव्हा आई व्हिडिओ कॉलवर होती आणि तिने विचारलं, त्यात आपल्या वाडीचं काही लिहिलंयस का? लिहिलं होतं, प्रस्तावनेत, दीड पान.

म्हणून सांगते, तुझ्या डायऱ्या सोबत आण. ज्यात बायकांची नावं-पत्ते आहेत असा एकही कागद आणू नकोस, ते सगळं त्या संस्थेचं आणि त्या बायकांचं आहे. पण संध्याकाळी घरी येऊन तू स्वतःसाठी जे लिहिलं असशील, कोणत्या प्रश्नाला बायका हसल्या, कुठे दार उघडलंच नाही, ते आण. मुलाखतीत तुला बहुधा विचारतील की या डेटाच्या मर्यादा कोणत्या. तेव्हा पुस्तकातलं उत्तर दे, आणि मग एखाद्या दाराची गोष्ट सांग. तारीख ठरली की कळव, आदल्या रविवारी आपण तासभर सराव करू. स्वीडनच्या सकाळी दहाला मी मोकळी असते, तुझ्याकडे तेव्हा उन्हाळ्यात दीड वाजलेला असतो, थंडीत अडीच.