ध्रुवीय कॉडची अंडी आणि कच्चं तेल: नुसती मेलेली अंडी मोजून भागत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आर्क्टिकच्या थंडीत समुद्रात सांडलेलं तेल घट्ट होतं, मासेही लांब पळतात, मग प्रजननावर परिणाम कसा होणार? मोठा मासा एक वेळ पळेल, अंडी कुठे जाणार?

ध्रुवीय कॉड (बोरिओगॅडस सायडा) हा आर्क्टिकमधला मासा ऐन हिवाळ्यात बर्फाखाली अंडी घालतो. अंडं जेमतेम दीड-पावणेदोन मिलिमीटरचं. ते तरंगत वर येतं आणि बर्फाच्या खालच्या अंगाला राहतं. एवढ्या गार पाण्यात पिल्लू बाहेर यायला महिना-दोन महिने, कधी त्याहून जास्त लागतात. सांडलेलं तेलही तरंगत तिथेच येऊन अडकतं, आणि वर बर्फाचं झाकण असल्यामुळे एरवी हवेत उडून जाणारे हलके घटक पाण्यात विरघळत राहतात.

तवंग डोळ्यांना दिसतो, पण घात करतात ते मुख्यतः तीन कड्यांचे पीएएच, म्हणजे बहुचक्रीय अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन: फ्ल्युओरीन, डायबेन्झोथायोफीन, फेनॅन्थ्रीन. कच्चं तेल हृदयपेशीतून पोटॅशियम बाहेर पडायची वाट अडवतं आणि कॅल्शियमची ये-जा बिघडवतं. ट्यूनाच्या पेशींवर २०१४ मध्ये हे दाखवलं गेलं. ठोके मंदावतात किंवा चुकतात, हृदयाभोवती आणि बलकाच्या पिशवीत पाणी साचतं, कणा-जबडा वाकडा होतो. मात्रा कमी असेल तर पिल्लू वरून धडधाकट दिसतं, पण वाढ खुंटते आणि चरबी नीट साठत नाही. ध्रुवावर चरबी नसलेलं पिल्लू फार दिवस काढत नाही.

२४ मार्च १९८९ ला अलास्कात एक्सॉन वाल्डीझ हे तेलवाहू जहाज फुटलं (ती जागा उपध्रुवीय, पण धडा लागू पडतो). नंतरच्या प्रयोगांत जुनाट, हवा-पाणी लागलेल्या तेलातले पीएएच अब्जात एक भागाच्या आसपास असले तरी पिंक सामन आणि हेरिंग या माशांच्या अंड्यांना इजा झाली. मात्र १९९३ ची तिथल्या हेरिंगच्या संख्येतली घसरण सरसकट तेलाच्या माथी मारू नका. त्यात रोगाचाही हात मानला जातो, आणि तो वाद मिटलेला नाही.

प्रयोग करणार असाल तर तेल पाण्यात घुसळून ओतू नका. थेंब अंड्याला चिकटतात (हॅडॉक माशाच्या अंड्यांवर तर फारच) आणि विरघळलेल्या भागाचा परिणाम वेगळा काढता येत नाही. खडीला तेल चोळून सुकवा, नळकांड्यात भरा, त्यातून समुद्राचं पाणी सोडा आणि तेच अंड्यांना द्या. नमुने काचेच्या बाटलीत घ्या, प्लॅस्टिक हायड्रोकार्बन शोषतं. ठोके मोजताना बशीखाली थंड पट्टी हवीच. सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याने पाणी एखाद-दोन अंशांनी तापलं की ठोके वाढतात आणि तेलाचा परिणाम झाकला जातो. अतिनील किरणांनी विषारीपणा वाढतो, म्हणून सगळ्या गटांना उजेड सारखा ठेवा. पिल्लं बाहेर आली की प्रयोग गुंडाळू नका: स्वच्छ पाण्यात काही आठवडे वाढवून लांबी आणि चरबी मोजा.