जुन्या पिकअपचे मागचे ड्रम काढून घरीच डिस्क ब्रेक बसवावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पिकअप बारा वर्षं जुनी, मागे ड्रम ब्रेक, मालासाठी मागच्या स्प्रिंगला दोन पाटे वाढवलेले. सासवडहून मार्केट यार्डला भरून येताना दिवे घाटात मागून पकडच मिळत नाही. मग घरीच डिस्क बसवाव्यात, की मोठे व्हील सिलिंडर (ड्रमच्या आत ब्रेकच्या पट्ट्या, म्हणजे शू, दाबणारे) टाकावेत?

माझं उत्तर: दोन्ही करू नका. आहेत तेच ड्रम ब्रेक नीट उभे करा. आणि त्याआधी त्या वाढवलेल्या पाट्यांकडे बघा, कारण मला पहिला संशय तिथेच आहे.

मागच्या ॲक्सलपासून चासीवरच्या एका छोट्या व्हॉल्व्हकडे बारीक सळी किंवा स्प्रिंग गेलेली दिसेल. बहुतेक पिकअपना ती असते. हा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह, गॅरेजमध्ये त्याला एलएसपीव्ही म्हणतात. माल भरला की गाडी मागे बसते, ॲक्सल आणि चासीमधलं अंतर कमी होतं, व्हॉल्व्हची दांडी फिरते आणि मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर मिळतं. गाडी रिकामी असताना तोच व्हॉल्व्ह मागचं प्रेशर अडवतो, नाहीतर हलकी मागची चाकं लॉक होऊन गाडी आडवी होईल. आता पाटे वाढवल्यावर भरलेली गाडीसुद्धा पूर्वीइतकी बसत नाही. व्हॉल्व्हच्या लेखी ती अर्धी रिकामीच राहते आणि ऐन घाटात तो मागचं प्रेशर कापतो. सगळा भार पुढच्या डिस्कवर येतो, त्या तापतात आणि ब्रेक लागत नाही असं वाटतं. अशा गाडीला मागे कितीही भारी ब्रेक लावला तरी त्याच्यापर्यंत प्रेशरच पोचणार नाही.

दांडी हाताने हलते का तेही बघा. चिखल आणि गंजाने ती जाम झालेली असते, किंवा कुणीतरी सळी तारेने बांधून ठेवलेली असते. सळीची लांबी अंदाजाने बदलू नका. पाटे मूळ संख्येवर आणून माल पासिंगइतकाच भरणं हा खरा उपाय. ते शक्य नसेल तर पुढच्या आणि मागच्या लाइनला प्रेशर गेज लावून व्हॉल्व्ह सेट करणाऱ्या वर्कशॉपमध्येच गाडी न्या.

डिस्कला नकार का, तेही सांगतो. ड्रममध्ये पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन आपोआप ड्रमवर दाबला जातो, त्यामुळे कमी प्रेशरवर जास्त पकड मिळते. डिस्कला हा फायदा नाही. तिला प्रेशर जास्त लागतं, आणि तुमचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर सगळ्या ब्रेकना प्रेशर देणारा) नि एलएसपीव्ही ड्रमच्या हिशोबाने बनवलेले आहेत. हँडब्रेकची सोय वेगळी करावी लागते. शिवाय कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल केला की मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा प्रश्न येतो. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीचं फिटनेस दरवर्षी असतं, तिथे हे अडू शकतं. मोठ्या सिलिंडरचा हिशोब साधा आहे: १९.०५ मिमी बोअरऐवजी (बोअर म्हणजे आतला व्यास) २०.६४ मिमी टाकला तर शूवरचा जोर सुमारे १७ टक्के वाढतो, पण पेडलही जास्त खोल जातं आणि पावसात रिकामी गाडी मागून घसरायला लागते.

आता काम. सामान: चार ब्रेक शू (दोन्ही चाकांचे एकदमच), दोन व्हील सिलिंडर, दोन्ही बाजूंचे स्प्रिंग आणि पिनांचे सेट, चासीवरून ॲक्सलवर येणारा रबरी होजपाईप, आणि एक लिटर ब्रेक ऑइल. ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच घ्या, डॉट ३ किंवा डॉट ४. डब्याचं सील न फुटलेलं हवं, कारण उघड्या डब्यातलं ऑइल हवेतलं पाणी ओढतं. कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही मर्यादा १४० पर्यंत उतरते आणि घाटात पाइपात वाफ होते. पुण्यात नाना पेठेत पार्ट घ्यायला जाताना जुना सिलिंडर बरोबर न्या. एकाच मॉडेलला वेगवेगळे बोअर आलेले असतात, पाइपच्या नटचे आटेही जुळायला हवेत.

गाडी सपाट जागी घ्या, सोसायटीच्या उतारावर नको. पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा, नट जमिनीवरच सैल करा, मग उचला. स्टँड ॲक्सलखाली लावा, चासीखाली नाही. चासी उचलली की ॲक्सल लटकतो, एलएसपीव्ही प्रेशर कापतो आणि नंतर ब्रेकच्या पाइपातली एअर काढताना मागे ऑइलच नीट येत नाही. नुसत्या जॅकवर हात घालू नका.

हँडब्रेक सोडा, ॲडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा स्क्रू) मागे घ्या. ड्रम तरीही निघत नसेल तर त्यावर आट्यांची दोन भोकं असतात. त्यात बोल्ट घालून दोन्ही थोडे थोडे, सारखे आवळा. कडेवर हातोडा मारू नका, बीडाचा ड्रम तडकतो. आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, शूवरच्या जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा. एका वेळी एकच बाजू खोला, म्हणजे दुसरी नमुना म्हणून राहील.

ड्रमचा आतला व्यास दोन-तीन ठिकाणी मोजा. कमाल व्यास ड्रमवरच कोरलेला असतो. लेथवर खरवडून तो ओलांडला जाणार असेल तर ड्रम नवाच घ्या. खरवडायचे तर दोन्ही सारखे.

सिलिंडरचं रबरी बूट उचलून बघा. आत ओल दिसली तर तो गळतोय, आणि बोअरला गंजाचे खड्डे असतील तर नुसतं रबराचं किट टाकून पैसे वाया जातील. शू तेलकट असेल तर तेल कुठलं ते आधी ओळखा. वासाने गिअर ऑइल वाटलं तर ॲक्सलचं ऑइल सील गेलंय. सील बदलताना डिफरन्शियलचा ब्रीदर (आतली हवा सुटायची वाट) साफ करा, नाहीतर आतलं प्रेशर नवं सीलही फोडेल. तेल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन परत लावू नका, तापल्यावर तेल पुन्हा वर येतं.

बॅकप्लेटवर, म्हणजे शूच्या मागच्या पत्र्यावर, शूच्या कडा जिथे घासतात त्या उंचवट्यांकडे फार कुणी बघत नाही. तिथे खाचा पडल्या की शू अडकतो आणि ब्रेक सुटत नाही. त्या घासून सपाट करा आणि ब्रेकचं हाय टेंपरेचर ग्रीस अगदी पुसट लावा. डाव्या-उजव्या ॲडजस्टरचे आटे उलटे असतात, अदलाबदल झाली तर ॲडजस्टर शू जवळ आणण्याऐवजी लांब नेतो.

आधी ॲडजस्टर, मग हँडब्रेकची केबल, हा क्रम मोडू नका. ड्रम हाताने फिरवताना हलका घासेल एवढं ॲडजस्ट करा आणि किंचित मागे घ्या. केबल आधी आवळली तर शू आपल्या जागी बसत नाहीत आणि ऑटो ॲडजस्टर कामच करत नाही.

एअर काढताना एलएसपीव्हीवर निपल (एअर काढायचा छोटा स्क्रू) असेल तर तिथून सुरुवात करा, मग मागचं डावं चाक, मग उजवं. निपल उघडा असताना पेडल खाली, निपल बंद झाल्यावरच पेडल वर. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पेडल एकदम तळाला गेलं की त्याचे रबर कधी न वापरलेल्या गंजक्या भागावर घासून कापतात. टाकी रिकामी होऊ देऊ नका.

इंजिन चालू करून पेडल मिनिटभर जोरात धरा. ते हळूहळू खाली गेलं आणि बाहेर गळती नसेल तर मास्टर सिलिंडर आतून गेलाय, तशी गाडी रस्त्यावर काढू नका.

मग नवे शू ड्रमला नीट बसावेत म्हणून सकाळी मोकळ्या रस्त्यावर रिकाम्या गाडीने ताशी ४० वरून १० पर्यंत हलक्या ब्रेकने पंधरा-वीस वेळा या, मध्ये तीन-चारशे मीटर गाडी थंड होऊ द्या. शेवटी दोन्ही ड्रमजवळ हात नेऊन उष्णता तपासा, टेकवू नका. एक गार असेल तर तो लागत नाही, एक खूप तापला असेल तर सुटत नाही. पन्नास किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळा, आणि पहिले दोनशे किलोमीटर माल भरून दिवे घाट उतरू नका.