व्हेरिकोसील (वृषणाच्या शिरा फुगणं) आहे पण काउंट (शुक्राणूंची संख्या) नॉर्मल, तरी डीएनए फ्रॅगमेंटेशनची टेस्ट करावी का?

तुम्ही विचारलंय, काउंट चांगला असताना डॉक्टर ही टेस्ट का सांगतायत, आणि त्यापेक्षा कॅस्पेजसारखे पेशीमृत्यूचे मार्करच (रासायनिक खुणा) तपासले तर?

कॅस्पेज, बीसीएल-२ वगैरे मार्कर संशोधनवाल्यांसाठी ठेवा. डीएफआय, म्हणजे डीएनए तुटलेल्या शुक्राणूंची टक्केवारी सांगणारी ही टेस्ट, करून घ्या.

मी तासगावकडचा द्राक्षवाला. माझा काउंट एका मिलीलीटरला 24 मिलियन आला होता, खालची मर्यादा आता 16 धरतात. कागद बघून थोरल्या दादांनी सोप्यात बसून जाहीर केलं, "आपल्या घरात दोष नाही." झालं! बायकोची वारी सुरू. नळ्यांचा एक्स-रे झाला, त्या दिवशी ती येताना एसटीत खिडकीला डोकं टेकून गप्प बसली होती. चार वर्षं तिच्याच फायली वाढल्या. मला उभं करून तपासायचं एकाही डॉक्टरला सुचलं नाही.

शेवटी मिरजेत एकांनी उभं केलं, पोटातून जोर करायला लावला, आणि डावीकडे गांडुळांचा गुंता असावा तशा शिरा हाताला लागल्या. पंप पाठीवर घेऊन फवारणी केली की त्या बाजूला ओढ लागायची, ती मी कॉलेजपासून अंगावर काढत होतो. डावी शीर किडनीच्या शिरेला काटकोनात मिळते, त्यामुळे रक्त तुंबतं, वृषणाचं तापमान वाढतं.

आता मार्करचं. आपण घडाची विरळणी करतो ना, तशी विरळणी वृषणातही रोज चालते. जास्तीच्या आणि बिघडलेल्या पेशी शरीर स्वतःच मारतं. व्हेरिकोसीलमध्ये उष्णता आणि ऑक्सिडेटिव्ह ताणामुळे ही कात्री बेफाम चालते. आणि गंमत म्हणजे गळायला हवेत असे काही मणी घडातच राहतात. वीर्यात येतात, मोजणीत धरले जातात, पण आतला डीएनए तुटलेला. टनेल नावाच्या तपासणीत त्या तुटक्या टोकांनाच रंग लागतो. घडात मणी किती यावर कुठला व्यापारी दर देतो?

माझा डीएफआय 38 टक्के निघाला. 30 च्या वर वाईट धरतात. सूक्ष्मदर्शकाखाली ऑपरेशन झालं. तीन महिन्यांनी विशेष फरक नाही, सहा महिन्यांनी 19. घाई करू नका, शुक्राणू तयार व्हायलाच साधारण 74 दिवस लागतात. एप्रिल छाटणीत काडीत घड धरतो, दिसतो ऑक्टोबर छाटणीनंतर, तसंच हे. मुलगी आता पहिलीत आहे.

हां, एक राहिलं. मी डॉक्टर नाही. डीएनए तुटलेला दिसला म्हणजे पेशीमृत्यूच झाला असं नसतं, ऑक्सिडेटिव्ह ताणानं तो थेटही तुटतो. ही टेस्ट सगळ्यांना पहिल्या फटक्यात सांगत नाहीत. वारंवार गर्भपात होत असेल किंवा कारणच सापडत नसेल तर तिचा खरा उपयोग. नुसत्या सोनोग्राफीत दिसणाऱ्या, हाताला न लागणाऱ्या व्हेरिकोसीलचं ऑपरेशन कुणी सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरला विचारा. बायकोचं वय जास्त असेल तर सहा महिने थांबणंही परवडत नाही. आणि ऑपरेशन न करता आम्हाला मूल झालंच नसतं, असं मी छातीठोक सांगणार नाही. दादांसमोर मात्र सांगतो.

गेल्या महिन्यात वहिनी सुनेला घेऊन मिरजेला निघाल्या होत्या. लग्नाला दोन वर्षं झाली. मी विचारलं, "पोरगा कुठाय?" दादा म्हणाले, "त्याला कशाला? बागेत फवारणी चाललीय." मी सरळ बागेत गेलो, त्याच्या पाठीवरचा पंप उतरवला आणि त्याला गाडीत बसवला.